बंदरावरून आणलेला माणूस

ठकूबाईने समुद्र पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि तोही एका दवाखान्याच्या व्हरांड्यातून. हातात नवऱ्याची लघवीची बाटली होती. ती कुठे रिकामी करायची हे विचारायला ती बाहेर आली, तर समोर ते सगळं पाणी. तिने पाहिलं, आणि मग पुन्हा मोरी कुठे आहे ते शोधू लागली.

तिचा नवरा गुलाबराव तिरोड्याकडचा. घरी धानाची शेती होती, पण चार भावांत कोणाच्याच हाताला पुरं काम नव्हतं. विशीतच तो रेल्वेच्या पुलाच्या कामावर खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं, पण रेल्वेतला खलाशी म्हणजे जड वस्तू बांधणारा, उचलणारा, सरकवणारा माणूस. वैनगंगेवरच्या पुलाचे गर्डर बदलताना गुलाबराव दोर, साखळी आणि कप्पीचं काम शिकला. सोबती म्हणायचे, याला ही विद्या आईच्या पोटातूनच आली आहे. लोखंडाचा कसाही वेडावाकडा तुकडा असो, हा त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि वजन कोणत्या अंगाला आहे ते बोट ठेवून सांगायचा. तिथे साखळी अडकवली की तुकडा सरळ वर यायचा.

छप्पन साली भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा अशा माणसांची फार गरज होती. गुलाबराव ठकूबाईला आणि दोन वर्षांच्या दुर्गाला घेऊन आला. कॅम्पात पत्र्याची खोली मिळाली. शेजारी कौशल्या नावाची धमतरीकडची बाई होती. ती दिवसभर खोदकामावर माती वाहायची आणि संध्याकाळी दुर्गाला मांडीवर घेऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची, पण अडलं काही नाही.

कारखान्याची यंत्रं रशियातून जहाजाने यायची. आंध्राच्या किनाऱ्यावर एका बंदरात ती उतरवायची, तिथून मालगाडीवर चढवून भिलाईला आणायची. मोठे मोठे डाग, म्हणजे यंत्रांचे अवजड नग, नीट बांधले जावेत, वाटेत सरकू नयेत, म्हणून कारखान्याची एक छोटी टोळी बंदरावर कायम असे. टोळीचा मुकादम पंजाबराव मिस्त्री, गोंदियाचा, रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. त्याने सत्तावन्नच्या दिवाळीनंतर गुलाबरावला मागून घेतलं. दोन-दोन महिन्यांनी एखादा मोठा डाग घेऊन गुलाबराव भिलाईला यायचा, चार दिवस राहायचा. येताना सुकी मासळी आणायचा. ठकूबाईला तिचा वास सोसत नसे. कौशल्या मात्र आनंदाने घेऊन जाई.

तो बंदराच्या गोष्टी सांगायचा. “अवं, तिथे काठालेच वीस हात पानी आहे. आपण दारात बैल बांधतो ना, तसं जहाज भिंतीले लागून बांधून ठेवते. अन् एवढं मोठं, की आपलं आख्खं गाव त्याच्या पोटात ठेवलं तरी वरून दिसायचं नाही.”

“मंग बुडत कसं नाही?” ती विचारायची.

“ते मले बी समजलं नाही अजून,” तो म्हणायचा आणि हसायचा.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात, एका सकाळी, पंजाबराव मिस्त्री एकटाच खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ठकूबाई सुपात तांदूळ पाखडत होती. मिस्त्रीने टोपी काढली. तो आत आला नाही.

“माय, गुलाब पडला. जहाजाच्या पोटात.”

“जित्ता आहे का?”

“जित्ता आहे. बोलून राहिला. पन कमरेच्या खाली...” मिस्त्री थांबला. “डाक्टर म्हन्ते, पाठीचा मनका गेला.”

ठकूबाईने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. सुपात जेवढे तांदूळ होते तेवढे तिने पाखडून संपवले, डब्यात भरले, डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, “कधी निघाचं?”

कौशल्या धावत आली. “का होगे बहिनी?” तिने विचारलं, आणि कळल्यावर तीच रडायला लागली. ठकूबाईने दुर्गाला तिच्या कडेवर दिलं, एक लुगडं आणि एक चादर गाठोड्यात बांधली, आणि मिस्त्रीच्या मागे स्टेशनाकडे चालू लागली. आपल्याला रडायला हवं, हे तिला कळत होतं. रायपूर येईपर्यंत ती रडू येण्याची वाट पाहत होती. मग गाडी बदलण्याच्या गडबडीत तेही राहून गेलं.

गुलाबराव पडला त्यात कोणाची चूक नव्हती. जहाजाच्या तळघरात एक मोठी पेटी होती. तिच्यावर वजनाची खूण नेमकी कुठे आहे ते पाहायला तो स्वतःच खाली उतरत होता. पहाटेच्या दवाने शिडी ओली होती आणि त्याच्या तळव्यांना आदल्या दिवशीचं ग्रीस होतं. पाय सटकला. बारा-तेरा फुटांवरून तो पेटीच्या कडेवर पाठीवर आला. वरून लोकांनी हाक मारली तेव्हा त्याने उत्तर दिलं, “काही नाही झालं, उठतो.” आणि उठला नाही.

बंदराच्या फाटकावर ठकूबाईचा पास बनवावा लागला. कारकुनाने तिला तेलुगूत काहीतरी विचारलं, मग हिंदीत विचारलं, शेवटी मिस्त्रीनेच सगळं सांगितलं आणि तिने अंगठा दिला. आत गेल्यावर तिला वाटलं, हे एक गावच आहे. त्याचे स्वतःचे पोलीस होते, आगीचा बंब होता, रेल्वेचं इंजिन होतं, पाण्याची टाकी होती, खानावळ होती. गावाला लागतं ते सगळं होतं, फक्त गुरंढोरं नव्हती. मोठमोठ्या गोदामांच्या मधून ती मिस्त्रीच्या मागे चालली. क्रेनवरून मोटारीएवढी पेटी डोक्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. तिने पाहिलं नाही.

दवाखाना बंदराच्याच हद्दीत होता. वॉर्डात बारा खाटा. कोणाचा हात चिरडलेला, कोणाला ऊन लागलेलं. एका खाटेवर परदेशी जहाजावरचा एक गोरा माणूस काविळीने हळदीसारखा पिवळा होऊन पडला होता. गुलाबराव खिडकीजवळ होता. खाटेवर गादीखाली फळी टाकलेली. त्याने मान वळवून पाहिलं.

“आली का?”

“आली.”

“दुर्गा?”

“कौशल्याकडे आहे.”

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी गुलाबरावच्या मांडीवर टाचणी टोचली, मग पोटरीवर, मग अंगठ्यावर. प्रत्येक वेळी विचारलं, लागतं का? गुलाबराव आढ्याकडे पाहत नाही, नाही म्हणत होता, जसं एखाद्याला दुसऱ्याच्या घरचं काही विचारावं. ठकूबाई पायथ्याशी उभी होती. टाचणीच्या टोकाशी रक्ताचा बारीकसा थेंब आला होता. तो तिने पदराने पुसला.

पुढचे दिवस शिकण्यात गेले. वॉर्डात एक वयस्क तेलुगू नर्स होती, तोडकंमोडकं हिंदी बोलायची. माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, पाठीला स्पिरिट कसं चोळायचं, टाचेखाली कापसाची चुंबळ कशी ठेवायची, रबराची नळी कशी उकळून घ्यायची, हे तिने ठकूबाईला दाखवलं. एकदा दाखवलं की ठकूबाईच्या हाताला ते यायचं. धानाची रोवणी शिकली होती तसंच हेही शिकली. चौथ्या दिवशी नर्स नुसती खुर्चीवर बसून पाहत राहिली, आणि म्हणाली, “तुम रोती नहीं?”

“नाई येत,” ठकूबाई म्हणाली. नर्सला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

व्हरांड्यातून जहाजं यायची-जायची ती वाट दिसायची. वाटेच्या तोंडाशी एक बुटकं, कळकट जहाज दिवसभर एकाच जागी घरघरत असे. लोखंडी बादल्यांची माळ पाण्यात जाई आणि काळा चिखल घेऊन वर येई. हे काय करतं, असं तिने एकदा मिस्त्रीला विचारलं.

“गाळ काढते माय. लाटा रोज गाळ आणून टाकते, हे रोज काढते. नाई काढला तर महिन्याभरात मोठं जहाज आत येनार नाही.”

“अन् काढून कुठे टाकते?”

“दूर नेऊन समुद्रातच टाकते.”

“म्हंजे परत येईल तो,” ठकूबाई म्हणाली.

“येतेच ना,” मिस्त्री म्हणाला.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता इथे करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या, पण सपाट फळीवर झोपवूनच. गर्दीच्या गाडीत आणि दोनदा गाडी बदलत तसं नेणं शक्य नव्हतं. तेव्हा पंजाबराव मिस्त्रीने तोड काढली. रोलिंग मिलची एक ओतीव चौकट जहाजातून उतरली होती. साठ टनांचं एकसंध लोखंड. ती भिलाईला न्यायची होती. तिच्यासाठी बऱ्याच चाकांची वेगळी वॅगन होती आणि मागे टोळीला राहायला एक डबा. डब्याची जमीन सपाट. मिस्त्रीने स्टेशनमास्तरला जाऊन विनवलं. हा आमच्याच टोळीचा माणूस आहे, म्हणाला, डाग पोचवायला दर वेळी येतो, याही वेळी येऊ द्या. स्टेशनमास्तरने कागदावर ‘टोळीतील एक इसम’ असं लिहून दिलं.

खलाशांनी डब्याच्या अर्ध्या भागात ताडपत्रीचा पडदा लावून दिला. स्ट्रेचर आत घेताना सहा जणांनी ते असं अलगद उचललं की गुलाबरावच्या उशीची सुरकुतीही हलली नाही. तो म्हणाला, “डावा कोपरा खाली आहे.” त्यांनी डावा कोपरा उचलला.

असल्या अवजड मालाची गाडी फक्त उजेडात चालायची. बैलगाडीपेक्षा थोडी जोरात, बस. पूल आला की माणसाच्या चालीने. फलाट आला की दोन खलाशी उतरून दोन्ही बाजूंनी चालत, चौकट कुठे घासत तर नाही ना ते बघत. दिवस मावळला की गाडी कुठल्याशा स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभी राही. चार दिवसांचा प्रवास. ठकूबाई स्टोव्हवर सगळ्यांचा भात शिजवायची आणि दर दोन तासांनी नवऱ्याला वळवायची. वेळ कसा कळायचा, तर मिस्त्री घड्याळ बघून पडद्यापलीकडून खाकरायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराचा भाग लागला होता. खलाशी पत्ते खेळत होते. गुलाबराव डोळे मिटून पडला होता. एकाएकी तो म्हणाला, “अवं, मिस्त्रीले बोलाव.”

मिस्त्री आला.

“डाव्या अंगची, मागून दुसरी साखळी ढिली झाली.”

“तुले इथून कसं समजलं बापा?”

“रुळाचा जोड आला की चार साखळ्या एकसाथ वाजते. आता तीन वाजून राहिल्या, चौथी मागून वाजते. आयका.”

मिस्त्रीने कान दिला. त्याला काही वेगळं ऐकू आलं नाही. पण तो दारात गेला आणि गार्डला लाल झेंडी दाखवली. गाडी थांबली. दोघे जण वॅगनवर चढले. साखळी ताणून धरणारा स्क्रू हादऱ्यांनी फिरून चांगला बोटभर सुटला होता. पुढे वळण आणि उतार होता. साठ टन लोखंड तिथे एका अंगाला कललं असतं तर काय झालं असतं, हे सांगायची कोणाला गरज नव्हती. त्यांनी स्क्रू आवळला, त्यात तार घालून पिळली, आणि घामाघूम होऊन परत आले. एक जण पडद्याशी उभा राहून नुसता गुलाबरावकडे पाहत राहिला.

मिस्त्री खाली बसला. “गुलाब, लेका, तू नसता आज तर...”

“मिस्त्री,” गुलाबराव म्हणाला, “मले जरा तिकडे वळवा. ऊन लागून राहिलं.”

मिस्त्री आणि ठकूबाईने त्याला भिंतीकडे वळवलं. संध्याकाळपर्यंत तो तसाच राहिला.

त्या दिवशी गाडी टिटलागढच्या अलीकडे उभी राहिली. खलाशी नळावर आंघोळीला गेले. दारातून मोहाची झाडं दिसत होती आणि त्यांच्याखाली कोणाच्या तरी बकऱ्या. गुलाबराव म्हणाला, “आयकतं का?”

“बोला ना जी.”

“तू दुर्गाले घेऊन माहेरी जाजो. तुझा भाऊ चांगला आहे. नाही म्हन्नार नाही.”

“अन् तुमी?”

“माझं काय. मले कोनीबी पाहीन. कारखान्याचा दवाखाना होऊन राहिला ना तिथे.”

ठकूबाई टाचेखालची चुंबळ काढून नवी करत होती. जुनी ओली झाली होती. नवी गोल वळून तिने जागेवर ठेवली, दाबून पाहिली.

“मी काय बोलून राहिलो?”

“आयकलं,” ती म्हणाली. “आता उजव्या कुशीवर घेतो. हात इकडे द्या.”

त्याने हात दिला. तो विषय पुन्हा दोघांपैकी कोणीच काढला नाही.

भिलाईला गाडी पोचली त्या दिवशी फार ऊन होतं. जीपमधून फळीवर घालून त्याला खोलीत आणलं. कॅम्पातली माणसं जमली. कौशल्याने दुर्गाला न्हाऊमाखू घालून, केसांना तेल लावून तयार ठेवलं होतं. बाप आला म्हणून पोर धावत आली. बाप-लेकीचा एक खेळ होता. गुलाबराव सुट्टीवर आला की झोपेचं सोंग घेऊन पडायचा, ती त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करायची, आणि तो मोठ्याने ओरडून उठायचा. दुर्गा सरळ पायांकडे गेली. तिने तळव्यावरून बोटं फिरवली. बाप हलला नाही. तिने दुसऱ्या पायाला केली. मग दोन्ही हातांनी करू लागली आणि खिदळून म्हणाली, “माय, पाह्य ना, बाबा नाटक करून राहिला!”

दारातल्या बाया तोंडावर पदर घेऊन मागे सरल्या. गुलाबराव लेकीकडे पाहत होता. त्याने ओरडायचा प्रयत्न केला. आवाज निघाला, पण उशिरा निघाला, आणि तसा नव्हता.

“दुर्गे,” ठकूबाई म्हणाली, “मी चूल पेटवून राहिली. दोन लाकडं आन.”

पावसाळ्याआधी ठकूबाईला कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. रशियातून येणाऱ्या यंत्रांचे भाग गंजू नयेत म्हणून त्यांना बोटभर जाड, पिवळं ग्रीस माखलेलं असे. पेट्या फोडल्या की ते ग्रीस रॉकेलने पुसून काढायचं. एका लांब शेडमध्ये वीस-बावीस बाया ओळीने बसत. समोर रॉकेलचा डबा, बाजूला सुताच्या गुंत्यांचा ढीग, मांडीवर एखादा दात्यांचा गिअर किंवा बेअरिंग. खाचेखाचेत बोट घालून पुसायचं. महिन्याभरात बोटांची कातडी निघून यायची, आणि नवी यायची ती जाड. ठकूबाईच्या बोटांना दुसऱ्या महिन्यापासून रॉकेल झोंबेनासं झालं. पुढे तर भाकर उलथताना तवा हाताला लागायचा आणि तिला ते कातडी जळल्याच्या वासावरूनच कळायचं. सुपरवायझर म्हणायचा, हिने पुसलेला भाग परत बघावा लागत नाही.

दुपारच्या सुट्टीत ती धावत घरी येऊन नवऱ्याला वळवून जायची. बाकीच्या वेळी कौशल्या बघायची, नाहीतर दुर्गा. पुढे सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं, नळ आणि वीज असलेलं. कौशल्याचा शेजार तुटला, पण तीही मधून मधून चालत यायची.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली. त्या दिवशी सगळं भिलाई तिकडे लोटलं. झेंडे, कमानी, लाऊडस्पीकर. ठकूबाई घरी होती. आदल्या रात्रीची चादर खराब झाली होती, ती अंगणात धूत होती. आतून गुलाबरावने हाक मारली. लोखंड वाहतं तेव्हा आभाळ लाल होतं म्हणतात, दिसतं का, असं तो विचारत होता.

“दिसते,” ती अंगणातून म्हणाली.

“लई लाल आहे का?”

“लई लाल आहे.”

तिने वर पाहिलं नव्हतं. चादरीचा डाग निघत नव्हता.

पडल्यानंतर गुलाबराव साडेचार वर्षं जगला. चिडचिडा झाला नाही, तक्रारही केली नाही. ठकूबाईला कधी कधी वाटायचं, एखाद्या दिवशी याने ताट फेकून मारावं. तो फक्त ऐकत असे. कारखान्यात काय चाललं आहे ते आवाजावरून सांगायचा. यार्डात रिकाम्या वॅगनी जोडतात की भरलेल्या, तेही. दुर्गाला त्याने खाटेच्या पट्टीला दोर बांधून सतरा प्रकारच्या गाठी शिकवल्या. शाळेतल्या मुलांत राहून दुर्गा हिंदीच जास्त बोलू लागली होती, पण गाठींची नावं ती बापाचीच घ्यायची. बासष्टच्या मार्गशीर्षात त्याला ताप आला, लघवी बंद झाली, आणि सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो गेला. पंजाबराव मिस्त्री गोंदियाहून आला. म्हातारा फार रडला.

शेजारची अंजनाबाई ठकूबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रड माय, मोकळी हो. असं कोंडून ठेवू नोको.”

“कोंडून नाई ठेवलं बाई,” ठकूबाई म्हणाली. “नाईच आहे.”

अंजनाबाईने हात काढून घेतला. हे ती पुढे बरेच दिवस बायांना सांगत होती. ठकूबाईच्या कानावर ते आलं. तिला त्याचाही राग आला नाही. तेराव्यानंतर ती कामावर गेली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी शेडमध्ये मथुरा नावाची नवी बाई लागली. रायपूरकडची, नुकतं लग्न झालेली, बडबडी. एके दिवशी ती डबा न उघडता बसून राहिली. नवऱ्याची बदली बंदरावरच्या टोळीत झाली होती, आणि तो तिला बरोबर नेणार होता.

“मला तर भीतीच वाटते,” ती हिंदीत म्हणाली. “ठकूदीदी, तुम्ही गेला होता ना तिकडे? कसं आहे हो?”

आजूबाजूच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. ठकूबाई तिकडे का गेली होती, हे मथुराला कोणी सांगितलेलं नव्हतं. ठकूबाईने भाकरीचा तुकडा मोडला. एवढ्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. पडला कसा, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “खानावळीत चिंच घालून आंबट वरण देते. पहिल्या दिवशी नाही आवडत, मंग आवडते. सकाळी भोंगा वाजते तो आपल्या भोंग्यापेक्षा बारीक आहे.”

आणि मग ती बोलतच राहिली. बंदरात मोठं जहाज यायचं तेव्हा दोन छोट्या बोटी त्याला ढकलत आणायच्या, जसं म्हशीला पोरं हाकतात. टाकीवरून जहाजाला प्यायचं पाणी द्यायचे, जाडजूड नळीने. एवढ्या पाण्यात उभं असून जहाजाला पाणी द्यावं लागतं याचं तिला नवल वाटलं होतं.

“म्हून मी खाली गेली,” ती म्हणाली. “तिसऱ्या का चवथ्या दिवशी. ते झोपले होते. मले पाहाचं होतं, खरंच खारट आहे का सगळंच. दगडाच्या पायऱ्या होत्या तिथं. खालच्या पायरीवर बसून ओंजळभर घेतलं अन् तोंडात टाकलं. असं खारट, असं खारट... तेवढ्यात लाट आली. कमरेपर्यंत भिजली मी. अन् मी हासली.”

ती थांबली.

“हासली मी. मोठ्यानं. दोन-तीन जहाजावरची पोरं पाहून राहिली होती, ते बी हासले. चांगली हासली. अन् वर ते...”

मथुरा तिच्याकडे गोंधळून पाहत होती. ठकूबाईच्या हनुवटीला कापरं सुटलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले, तरी ते थांबेना. भाकरीच्या हाताने तिने तोंड धरलं. डोळ्यांतून पाणी आलं, फार नाही, आणि गालावरच्या तेलकटपणावरून घरंगळून मांडीवर पडलं.

मथुराने तिला पाण्याचा गडवा दिला. ती प्यायली.

“मी कोनाले सांगतलं नव्हतं,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “त्याईले बी नाही.”

“सांगितलं असतं तर रागावले असते का?” मथुराने विचारलं.

ठकूबाईने विचार केला. पहिल्यांदाच केला. “नाही,” ती म्हणाली. “त्याईनं विचारलं असतं, कोनत्या पायरीवर बसली होतीस, सर्वात खालच्या का त्याच्या वरच्या.”

भोंगा झाला. बायांनी डबे आवरले. मथुरा पुढच्या आठवड्यात नवऱ्याबरोबर गेली. जायच्या आदल्या दिवशी ठकूबाईने तिला सांगितलं की पायऱ्यांवर शेवाळ असतं, चप्पल काढून जा. ठकूबाई मात्र बंदरावर परत कधी गेली नाही. पेट्या यायच्या कमी झाल्या तेव्हा तिला टूल-रूममध्ये घेतलं. दुर्गा मॅट्रिक झाली आणि तिचं लग्न चरोद्याच्या एका रेल्वेवाल्याशी झालं. शेडमधल्या त्या दुपारनंतर ठकूबाई बदलली, असं काही कोणाला दिसलं नाही. ती तशीच कमी बोलायची, तशीच खाचेखाचेतून पुसायची. फक्त तव्याचा चटका तिला पुन्हा लागू लागला होता, आणि तवा धरायचा चिमटा हातात घ्यायला ती विसरत नसे.